आयतं जेवायचा आठवडा

ताईच्या फ्रिजवर नोव्हेंबरपासून एक रंगीत कागद चिकटवलेला होता. कॅरिबियनमधल्या एका लहानशा बेटावरचा व्हिला. चार बेडरूम, लांब व्हरांडा, पुढे झाडांची उतरंड आणि तिच्याखाली समुद्र. ऑफिसच्या प्रिंटरमधली निळी शाई संपत आली होती, त्यामुळे समुद्र अर्धा निळा आणि अर्धा राखाडी आला होता. ताईला त्याचं काही नव्हतं. तिनं पेनानं गोल केला होता तो खालच्या एका ओळीभोवती. व्हिलाबरोबर स्वयंपाकाला बाई मिळेल, दोन्ही वेळचं जेवण ती करेल, अशी ती ओळ होती.

"मला समुद्र-बिमुद्र काही नको," ताई म्हणाली होती. "सात दिवस आयतं जेवायचंय. कुणीतरी ताट वाढावं, मी बसावं, जेवावं, उठावं. बास."

मी हसले होते. हे २००६ साल. मी तेव्हा अमेरिकेत एम.एस. करत होते आणि महिन्यातल्या दोन-तीन शनिवारी धुण्याचे कपडे घेऊन बसनं हर्नडनला ताईकडे यायचे. तिच्याकडे वॉशिंग मशीन होतं आणि जेवण होतं. जेवण कुठून येतं याचा मी विचार केला नव्हता, एरवी पानभर विचार करून लिहिण्याबद्दल माझी ख्याती होती.

मार्चमधल्या माझ्या सुट्टीत जायचं ठरलं होतं. आम्ही दहा जण. ताई, भावोजी, त्यांची सहा वर्षांची मुलगी आणि मी. भावोजींच्या ऑफिसातलं एक नागपूरचं जोडपं आणि त्यांची जुळी मुलं. आणि तीस वर्षांपूर्वी अमेरिकेत येऊन राहिलेले काका-काकू, ज्यांच्या घरी हर्नडनमधल्या प्रत्येक नव्या मराठी माणसाचा पहिला गणपती व्हायचा. बेट निवडायलाच तीन आठवडे गेले होते. भावोजींच्या आणि नागपूरकरांच्या पासपोर्टावरचा व्हिसाचा शिक्का संपलेला होता. देशाबाहेर पाऊल टाकलं तर परत येण्याआधी कॉन्सुलेटच्या दारात उभं राहावं लागलं असतं. म्हणून अमेरिकेच्याच मालकीचं बेट शोधायचं, असं ठरलं. "समुद्र परदेशी, कागदपत्रं देशी," असं नागपूरकर म्हणाले होते.

मालकी हा शब्द मला खुपला होता. एका देशानं दुसऱ्या देशाला बेट विकलं, त्यावरच्या माणसांना कुणी विचारलं का, असं मी जेवताना म्हणाले. ताईनं मला आणखी एक पोळी वाढली.

मी अशी का होते ते सांगायला हवं. आमचे बाबा तालुक्याच्या गावी शिक्षक होते आणि शाळा सुटली की चळवळीचे. घरात खेळणी कमी आणि पत्रकं जास्त. पाणवठ्यावरची पत्रकं, मजुरीची, हुंड्याची, सहभोजनाची. छापखान्यातून ओल्या शाईचा गठ्ठा आला की पुढच्या खोलीत सतरंजीवर बसून घड्या घालायच्या, हे माझं काम. घड्या घालता घालता मी वाचायला शिकले. मला 'कमळ' लिहिता यायच्या आधी 'धिक्कार' वाचता येत होतं. बाबा माझ्याकडून मजकूर मोठ्यानं वाचून घेत आणि विचारत, "कुठं अडखळलीस? तिथं वाक्य चुकलंय." त्यांनी लिहिलेलं एकही पत्रक कधी मागे घेतलं नाही, याचा मला फार अभिमान होता.

तर त्या व्हिलाच्या वेबसाइटवर मी एका रात्रीत सगळे फोटो पाहिले. बागेत एक दगडी गोल बुरूज दिसला. ती उसाच्या घाण्याची जुनी गिरणी होती. ज्या जागी गुलामांकडून ऊस पिळून घेतला, तिथं आता वेताचा झोपाळा आणि उशा ठेवल्या होत्या. आणि त्याच पानावर, त्याच अक्षरात, स्वयंपाकाची बाई. मला राहवलं नाही. पहाटेपर्यंत बसून मी सगळ्यांना ईमेल लिहिलं.

मथळा होता, 'आपण कुणाच्या हातून वाढून घेणार आहोत?' खाली चार मुद्दे. आपण इथं दुसऱ्यांच्या देशात नोकऱ्या करणारी माणसं आहोत, त्या बेटावर जाऊन आठवडाभर मालक होऊ नये. ज्या मातीत गुलामी झाली तिथं नोकर ठेवून सुट्टी घेऊ नये. सात धडधाकट माणसांना स्वतःचं अन्न शिजवता येतं. म्हणून बाई नाकारावी आणि आपण सगळ्यांनी मिळून स्वयंपाक करावा. शेवटी 'आपली नम्र' लिहायलाही मी विसरले नाही.

मी देवनागरीत लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी काकांचा फोन आला. "अगं, तुझं पत्रक आलं, पण सगळे नुसते चौकोन आहेत. काहीतरी जहाल असणार एवढं कळलं." मग मी तेच रोमन अक्षरांत पुन्हा टाइप करून पाठवलं.

उत्तरं भराभर आली. "मान गये, कॉम्रेड," नागपूरकरांनी लिहिलं. "एकदम बरोबर. ग्रिलचं डिपार्टमेंट माझं." भावोजींनी लिहिलं की रोज सकाळचा चहा ते करतील, प्रॉमिस. काकूंनी लिहिलं, "अगदी माझ्या मनातलं बोललीस." माझ्या कुठल्याही लेखाला इतका एकमुखी पाठिंबा मिळाला नव्हता. मी व्हिलाच्या मालकाला इंग्रजीत चार ओळी पाठवल्या, की आम्हाला वाढून घ्यायचं नाही, स्वयंपाकाची बाई नको. तसंच, आमचं जेवण वेगळं असतं, भांडी आम्ही आमची आणू, असंही लिहिलं, कारण काकूंनी तेवढं आठवणीनं कळवायला सांगितलं होतं.

ताईचं उत्तर आलं नाही. शनिवारी गेले तेव्हा मीच विचारलं, "वाचलंस?"

"वाचलं. छान लिहिलंयस."

"मग?"

"मग काय. बरं."

जानेवारीत काका-काकूंकडे सामानाची यादी करायला सगळे जमलो. पुरुष बेसमेंटमध्ये मॅच लावून बसले होते. वर डायनिंग टेबलाशी काकू सांगत होत्या आणि ताई लिहीत होती. नागपूरच्या वहिनी जुळ्यांना भरवत होत्या. मी काकूंच्या शेजारी बसून संत्रं सोलत होते.

"मोठा कुकर तू आण," काकू ताईला म्हणाल्या. "लहान माझा. पोळपाट-लाटणं तुझंच घे, माझं जड आहे. दोन तवे. तुझ्या हातच्या पोळ्या भराभर होतात बाई, दहा माणसांना दोन वेळा म्हणजे... कणीक किती लागेल?"

"दहा किलो धरू," ताईनं न थांबता लिहिलं. "तिथं मिळेल न मिळेल."

"आणि सकाळचं खाणं. पोहे दोनदा, उपमा दोनदा. शिरा एकदा, मुलांना. मसाले भाजून आणशील ना तू?"

"आणते."

"बरं झालं पण," काकू माझ्याकडे वळून हसल्या. "तुझ्या पत्रकानं काम केलं हो. मला सांगताच येत नव्हतं कुणाला. कोण कुठली बाई, काय खाणारी, त्याच हातानं आपल्या वरणाला फोडणी देणार. मला तर घशाखाली उतरलं नसतं."

मी संत्र्याची फोड खाली ठेवली. मग बोलले, आणि फार बोलले. मी ते त्यासाठी लिहिलं नव्हतं, उलट आमच्या घरी सहभोजनाच्या पंगती उठायच्या, कुणाच्या हातचं चालत नाही असं म्हणणं म्हणजे काय ते तुम्हाला कळतं का, असं सगळं.

काकूंचा चेहरा एवढासा झाला. "मी कुठं काय म्हटलं गं? मला आपलं शाकाहारी लागतं, एवढंच."

"काकू, पुढे सांगा," ताई म्हणाली. तिनं पेन कागदावरून उचललेलं नव्हतं. "हिंगाची एक डबी पुरेल?"

परतीच्या वाटेवर ताई गाडी चालवत होती. भावोजी आणि भाची मागे झोपले होते. रस्त्याच्या कडेला भुरभुरलेलं बर्फ काळं पडलं होतं.

"मी बोलले ते बरोबर होतं ना?" मी विचारलं.

"होतं."

"मग तू गप्प का बसलीस?"

"यादी राहिली होती," ताई म्हणाली. मग सिग्नलला थांबल्यावर म्हणाली, "आमच्याकडे बेसमेंटमध्ये दर महिन्याला कुणीतरी नवीन मुलगा पुण्याहून येतो. अपार्टमेंट मिळेपर्यंत राहतो. मी हो म्हणते. रविवारी मी आठवड्याच्या पोळ्या करून फ्रीझरमध्ये टाकते, सोमवारी ऑफिसला जाते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मी फक्त एक ओळ गोल केली होती."

"सगळे मिळून करणार आहोत ना पण?"

"हो. ग्रिल आणि चहा."

सिग्नल हिरवा झाला. तिनं गाडी पुढे काढली. ती रागावली असती तर मला उत्तर देता आलं असतं.

त्या रात्री मला आमच्या घरातली मागची खोली आठवली. मी आत्तापर्यंत जे सांगितलं ते सगळं पुढच्या खोलीतलं होतं. मागं स्वयंपाकघर होतं. पोस्टर चिकटवायची खळ आई तिथं शिजवायची, भाकरीच्याच चुलीवर. सभेहून आलेले दहा-बारा कार्यकर्ते रात्री नऊ वाजता जेवायला बसायचे तेव्हा आई थापायची आणि ताई भाजायची. ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. मी सतरंजीवर 'स्त्रीमुक्ती' असा मथळा असलेल्या पत्रकाच्या घड्या घालत असायचे आणि ती आतून ओरडायची, "अजून किती जण आहेत?" मी मोजून सांगायचे. एवढंच माझं आणि तिचं बोलणं व्हायचं तेव्हा.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. ताई पोळ्या करत होती. मी फ्रिजवरचा कागद काढला आणि खाली दिलेल्या नंबरवर फोन लावला. मालकानं मला स्वयंपाकाच्या बाईंचा बेटावरचा नंबर दिला. तो तिसऱ्या वेळी लागला. मागं कोंबडा आरवत होता आणि कुणीतरी रेडिओ लावला होता.

मी सांगितलं, मी अमुक, मार्चमधल्या त्या आठवड्याची.

"अच्छा, ते तुम्ही," ती बाई म्हणाली. आवाज वयस्कर होता, सावकाश. "ज्यांना माझ्या हातचं चालत नाही."

ती इंग्रजीत बोलत होती, पण मला ते अगदी मराठीत ऐकू आलं. मी घाईघाईनं म्हणाले की तसं नाही, गैरसमज झाला.

"मालकानं मला तुमचं पत्र वाचून दाखवलं," ती म्हणाली. "बाई नको. भांडी आम्ही आमची आणू. आधीही आलेत असे लोक. मी वाईट वाटून घेत नाही. बागेत लिंबं आहेत ती काढून घ्या."

मी मग माझे चारही मुद्दे तिला सांगितले. गुलामीचं, गिरणीचं, मालक होण्याचं. माझं इंग्रजी तेव्हा घाबरल्यावर फार पुस्तकी व्हायचं. ती शांतपणे ऐकत राहिली.

"त्या गिरणीत माझ्या आईच्या आईच्या घरची माणसं होती," ती म्हणाली. "तो झोपाळा मलाही आवडत नाही. पण मी नोकर नाही. मी स्वयंपाक करते, तो माझा धंदा आहे. माझे दिवस मी ठरवते. तुमच्या आठवड्यासाठी मी एका लग्नाचं काम सोडलं होतं. बरं, मला सांगा, मी नाही तर तिथं रांधणार कोण?"

"माझी बहीण," मी म्हणाले. आम्ही सगळे, असं म्हणायला गेले होते, पण आलं ते हे.

"तिला विचारलंत?"

ताई ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. तिचे खांदे लाटण्याबरोबर पुढे-मागे हलत होते. मी म्हणाले, नाही.

मग मी विनंती केली. तुम्ही याल का, असं विचारलं. तिनं मला थांबायला सांगितलं. कागद चाळल्याचा आवाज आला. ते लग्न तिनं पुन्हा घेतलं होतं आणि त्याचे तीन दिवस आता मोडता येणार नव्हते. उरलेले चार दिवस ती देऊ शकत होती. तिनं अटी सांगितल्या. सकाळी चर्च असेल तर उशिरा येईन. संध्याकाळी सूर्य बुडायच्या आत घरी जाईन. आणि मी शिजवत असताना माझ्या मागं उभं राहून कुणी सांगायचं नाही. मी सगळ्याला हो म्हणाले. मांस-मच्छी न खाणारे पाच जण आहेत, हे जरा चाचरत सांगितलं.

"डाळ चालते का?" तिनं विचारलं. "माझा नवरा त्रिनिदादचा होता. त्याच्या घरी डाळ रोज. जिरं मी जाळत नाही."

फोन ठेवल्यावर मी ताईच्या बाजूला जाऊन उभी राहिले. "चार दिवस मिळाले," मी म्हणाले. "तीन गेले. माझ्यामुळे गेले."

ताईनं तव्यावरची पोळी उलटली. "सगळं ऐकलंय मी," ती म्हणाली. "एवढ्या मोठ्यानं बोलत होतीस." मग पोळी फुगली, तिनं ती फडक्यानं दाबली. "जिरं जाळत नाही म्हणाली का?"

"हो."

"मग येतं तिला."

दुसरं ईमेल लिहायला मला पहिल्यापेक्षा जास्त वेळ लागला. पत्रक मागे कसं घेतात ते मी कधी वाचलेलंच नव्हतं. शेवटी साधं लिहिलं. पहिल्या पत्रात मी चूक केली. स्वयंपाक कोण करणार हे मी 'सगळे' असं लिहून टाकलं, आणि सगळे म्हणजे ताई, हे मला माहीत असायला हवं होतं. त्या बाईंना मी न विचारता कामावरून काढलं, तेही कामगारांच्या नावानं. आता त्या चार दिवस येणार आहेत. त्यांच्या हातचं ज्यांना चालणार नाही त्यांनी आपलं आपण करून घ्यावं, ताईनं करायचं नाही. उरलेले तीन दिवस पोळ्या मी करीन, भाजी नागपूरकर, वरण-भात भावोजी. ताईचं नाव कुठंही नाही.

या वेळी उत्तरं सावकाश आली. "ग्रिलचं काय?" नागपूरकरांनी विचारलं. नागपूरच्या वहिनींनी त्याच्याखाली लिहिलं, "ग्रिलवर भाजी होते. मी शिकवीन." काकूंनी काहीच लिहिलं नाही. दोन दिवसांनी काकांचा फोन आला. "तिचं असं आहे की ती चार दिवस दहीभात खाईन म्हणते. खाऊ दे. मला मात्र त्या बाईंच्या हातचे मासेही चालतील, फक्त तिच्यासमोर बोलू नकोस." काकू बदलल्या वगैरे काही झालं नाही. मला त्यांच्याशी बोलताना आजही जरा ताठ व्हायला होतं.

पोळ्या मला येत नव्हत्या. फेब्रुवारीतला प्रत्येक शनिवार मी ताईच्या ओट्यापाशी काढला. कणीक कधी सैल व्हायची, कधी विटेसारखी. ताईनं हात लावायचा नाही असं मीच ठरवलं होतं, म्हणून ती टेबलाशी बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालायची, त्यात माझेही कपडे असायचे. तिचं लक्ष माझ्या लाटण्याच्या आवाजाकडे असायचं. "कडेला दाब. मध्ये नको," एवढंच वर न बघता म्हणायची.

"मावशी, दॅट्स नॉट अ सर्कल," भाची स्टुलावर उभी राहून म्हणायची.

"गप गं," ताई म्हणायची. "खाताना काही कळत नाही."

भावोजी एका रविवारी वरण करायला उभे राहिले आणि कुकरची शिट्टी लावायची विसरले. दुसऱ्या रविवारी बरं झालं. बेसमेंटमध्ये तेव्हा राहत असलेल्या पुण्याच्या मुलाला त्यांनी भांडी घासायला लावलं. ताई हे सगळं बघायची आणि तिचा हात मधूनच ओट्याकडे जायचा. मग ती तो मागे घ्यायची. तिलाही हे जमायला वेळ लागला.

निघायच्या आदल्या शनिवारी दुपारी बॅगा भरल्या. भावोजी बाथरूममधला वजनकाटा हॉलमध्ये घेऊन बसले होते. बॅग उचलून काट्यावर उभे राहायचे, आकडा सांगायचे, मग बॅगेशिवाय उभे राहून वजाबाकी करायचे. ताईची बॅग पहिल्यांदा जड भरली. तिनं ती उघडली. कपडे थोडेच होते. खाली जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. मला वाटलं, टॉवेल असतील.

ताईनं चादर सोडली. आत पोळपाट-लाटणं होतं, आईनं तिला पहिल्यांदा विमानात बसताना दिलेलं. माझ्या दुसऱ्या ईमेलनंतरही तिनं ते भरलं होतं. ती ते हातात घेऊन थोडा वेळ बसली.  भावोजी काट्यावर तसेच उभे राहिले.

"सवयीनं भरलं गेलं," ती म्हणाली.

मग तिनं पोळपाट-लाटणं पुन्हा चादरीत गुंडाळलं आणि माझ्यापुढे धरलं. मी माझ्या बॅगेतली दोन पुस्तकं बाहेर काढली आणि ते आत ठेवलं. ताईनं तिच्या बॅगेतल्या मोकळ्या झालेल्या जागेकडे बघितलं, उठली, वर गेली आणि पलंगावरची तिची उशी घेऊन आली.

"आता करा वजन," ती भावोजींना म्हणाली.